पिशव्या भरल्या, पाणी घातलं, तरी बी उगवलंच नाही: गावच्या रोपवाटिकेतली दरवर्षीची तक्रार

फेब्रुवारीत पिशव्या भरायच्या, मार्चमध्ये बी टोचायचं, एप्रिल-मे सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, आणि जूनला रोपं मोजायला बसलं की निम्म्या पिशव्यांत नुसती माती. सह्याद्रीच्या पट्ट्यात बचतगटानं, ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं चालवलेल्या ज्या रोपवाटिका मी पाहिल्या, त्यातली क्वचितच एखादी या तक्रारीतून सुटली असेल. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात आमची स्वतःची पहिली तीन वर्षं यातच गेली. खैर, शिरीष, करंज टेचात उभे. जांभूळ, हिरडा, ऐन, बिबळा यांच्या ओळी रिकाम्या. मग आकडा भरून काढायला शेवटी गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ पेरायचं, कारण ते कुठंही उगवतं. म्हणजे ज्या झाडांसाठी एवढा खटाटोप मांडला ती पिशवीतच राहिली, आणि डोंगरावर गेलं ते भलतंच.

आम्ही दरवेळी मातीला दोष दिला. एका वर्षी पोयटा बदलला, दुसऱ्या वर्षी शेणखत वाढवलं, तिसऱ्या वर्षी शेडनेट आणलं. फरक शून्य. बी न उगवण्याचं कारण बहुतेक वेळा पिशवीत नसतंच. बी झाडावरून कधी उतरवलं आणि पेरेपर्यंत कुठं ठेवलं, तिथंच निकाल लागलेला असतो. म्हणून तपास उलटा, शेवटाकडून सुरू करा.

रिकामी पिशवी ओतून टाकू नका. आतलं बी उकरून काढा, धुवा आणि ब्लेडनं उभं कापा. प्रत्येक जातीच्या वीसेक पिशव्या तरी बघा. जे दिसेल त्यावरून पुढचं सगळं ठरतं. बी मऊ पडून कुजलंय? टणक आणि कोरडं, पेरलं तसंच्या तसं आहे? आत पोकळ आहे? भोक पडलंय? की बी सापडतच नाही?

बी कुजलेलं, काळं, वास मारणारं

इथं सगळे म्हणतात, पाणी जास्त झालं. कधी कधी ते खरंही असतं. पण जांभूळ, आंबा, फणस, कोकम, कुंभा यांच्यात हे दिसलं, तर बी पेरलं तेव्हाच मेलेलं होतं असं धरून चाला. मेलेलं बी ओल्या मातीत कुजणारच.

पहिल्या वर्षी आम्ही जूनमध्ये जांभळाच्या बिया पोतंभर गोळा केल्या. स्वच्छ धुतल्या, ताडपत्रीवर चार दिवस कडक ऊन दाखवलं, पत्र्याच्या डब्यात भरल्या, डब्यात कडुनिंबाचा पाला टाकला. धान्य ठेवतात तसं सगळं अगदी व्यवस्थित. मार्चमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. वाडीतली एक म्हातारी पिशव्यांपाशी आली, सगळी हकिगत ऐकली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "आरं, जांभळाचं बी कुणी वाळवतं व्हय? ते खाऊन थुकायचं आसतं. उकिरड्यावर बघ जा किती उगवल्यात."

तिनं दोन वाक्यांत सांगितलं त्याला बीजशास्त्रात मोठं प्रकरण आहे. ज्वारी, बाभूळ, खैर यांचं बी वाळवलं की झोपतं. जितकं कोरडं आणि थंड ठेवाल तितकं जास्त टिकतं. जांभूळ-आंबा-फणसाचं बी झोपतच नाही. ते झाडावरून पडतं तेच जिवंत, ओलं, उगवायच्या तयारीत. त्यातली ओल एका मर्यादेखाली गेली की ते मरतं, आणि नंतर कितीही भिजवलं तरी परत येत नाही. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये बियांचे हे दोन गट वेगळे मांडले. गावात मात्र फणसाच्या आठळ्या ओल्या मातीत किंवा वाळूत पुरून ठेवणाऱ्या बायकांना फरक आधीपासून ठाऊक होता. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच.

यावर उपाय कष्टाचा नाही, वेळेचा आहे. जांभूळ पिकून पडलं की आठवड्याच्या आत पेरायचं. गर वाळूनं चोळून काढायचा, नाहीतर मुंग्या येतात आणि बुरशी धरते. पाणी निथळेपर्यंत सावलीत पसरायचं. ऊन अजिबात नाही. आठ-दहा दिवस थांबावंच लागलं, तर ओलसर वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, गोणपाटाच्या पोत्यात, सावलीला ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलं की बी घुसमटून मरतं. वाळूत असतानाच मोड फुटले तर उत्तम. मोडाचं बी तसंच अलगद पिशवीत लावा. एकाच जांभळाच्या बीतून दोन-तीन रोपं निघाली तर दचकू नका, जांभूळ तसंच आहे. दोन पानांवर असताना जोमदार एक ठेवा, बाकीची हलक्या हातानं वेगळी करून दुसऱ्या पिशवीत लावा.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळं सांगतो. सोलं काढताना रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, बी ढिगानं मिळतं, पण तेलासाठी उन्हात वाळवलेल्या ढिगातलं घेऊ नका. ते तेलालाच बरं. सोलं काढल्याच्या दिवशीच बी धुऊन पेरा, आणि उगवायला वेळ लागतो म्हणून पंधरा दिवसांत आशा सोडू नका. त्यातली बरीच रोपं पुढं नर निघतात म्हणून बागायतदार वैतागतो. जंगलाला नरही हवाच, तेव्हा आपल्याला ती चिंता नाही.

मोह आणि कडुनिंब अधेमध्ये येतात. थोडं सुकलेलं सोसतात, पण फार दिवस नाही. मोहाचं बी तेलकट असतं आणि काही आठवड्यांत उतरतं. गेल्या हंगामातलं मोहाचं बी मार्चमध्ये कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आम्ही एका ठिकाणाहून घेतलं होतं. कापल्यावर आत पिवळट, खवट वासाचं निघालं, आणि तोवर पैसे देऊन झाले होते.

बी टणक, कोरडं, पेरलं तसंच

हे बी मेलेलं नाही, बंद आहे. ही चांगली बातमी, कारण अशा पिशव्या अजून वाचवता येतात.

बहावा, शिरीष, बाभूळ या शेंगवाल्यांच्या टरफलातून पाणी आत शिरत नाही. एक सोपी परीक्षा करा. मूठभर बी रात्रभर पाण्यात टाका. सकाळी जी फुगली ती पेरा, जी तशीच राहिली तिच्यावर प्रक्रिया हवी. बी थोडं असेल तर नखकात्रीनं किंवा पॉलिश पेपरनं कडेला एक ओरखडा काढा, पांढरं दिसेपर्यंतच. बीच्या डोळ्याला, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या बाजूला, हात लावू नका. बी जास्त असेल तर पाणी उकळवा, चुलीवरून उतरवा, मग त्यात बी टाका आणि दिवसभर तसंच निवू द्या. चुलीवर ठेवून बी उकळू नका. हे वाचून हसाल, पण आमच्याकडे एकानं बहाव्याचं बी वीस मिनिटं शिजवलं होतं. पुस्तकांत गंधकाच्या तेजाबाची पद्धत असते. गावच्या रोपवाटिकेत जिथं पोरंटोरं फिरतात तिथं ती नकोच. बाभळीचं काम तर शेळ्या फुकट करतात: शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या वाड्यात लेंड्यांबरोबर पडलेलं बी गोळा केलं की प्रक्रिया झालेलीच असते.

सागाचं तंत्र निराळं. रात्री भिजवा, दिवसा उन्हात पसरा, असं आठ-पंधरा दिवस. बेहडा एक दिवस भिजवला तरी पुरतो.

आणि हिरडा. याच्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात डोंगर म्हटला की हिरडा, आणि रोपवाटिकेत सगळ्यात जास्त रडवलं ते यानंच.

पहिली अडचण बी मिळण्याचीच. इथं बाळहिरडा गोळा करून विकतात. कितीतरी घरांचा वर्षाचा रोकडा त्यातून येतो, आणि ते चूक आहे असं कुणी म्हणू नये. पण बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ. त्यात पेरण्याजोगं बी तयार झालेलंच नसतं. एका वर्षी आम्ही व्यापाऱ्याकडे निघालेल्या पोत्यातून 'हिरड्याचं बी' घेतलं होतं, यावरून आमची अक्कल कळेल. पेरायला फळ हवं ते पूर्ण भरलेलं, पिवळट झालेलं, थंडीच्या दिवसांत आपोआप गळणारं. म्हणून वाडीतल्या लोकांशी बोलून चार-पाच झाडं बियांसाठी राखून ठेवावी लागतात, आणि त्या झाडांचा बाळहिरडा गोळा न केल्याचे पैसे त्या घराला द्यावे लागतात. आम्ही देतो. त्याशिवाय हे टिकत नाही. सुरुवातीला गळणारी फळं बहुधा किडकी असतात, ती सोडा. नंतर पडलेली रोजच्या रोज वेचा, नाहीतर उंदीर तुमच्या आधी वेचतात.

दुसरी अडचण कोय. गर काढायला फळं दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा आणि गोणपाटावर घासा. लोखंडी घमेलं वापरू नका. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, जुन्या काळी तशी करतही असत. प्लास्टिकची बादली घ्या. कोय स्वच्छ झाली की तिची रुंद बाजू पकडीनं किंवा कानशीनं इतकीच उडवा की आत बी आहे हे कळावं, पण बीला जखम होऊ नये. पहिल्या पन्नास कोयी वाया जाणार हे धरूनच बसा, हात नंतर बसतो. मग दीड दिवस गार पाण्यात. आणि पेरायचं ते पिशवीत नाही, वाळू मिसळलेल्या गादीवाफ्यात. एकेका पिशवीत एकेक कोय टाकून चार महिने पाणी घालत बसणं म्हणजे रिकाम्या मातीची सेवा. वाफ्यात जे उगवेल ते दोन-चार पानांवर उचलून पिशवीत न्यायचं.

बी पोकळ, चिपाड

ऐन, किंजळ, नाना. यांची फळं पोत्यानं मिळतात आणि कापली की बरीचशी आतून रिकामी. यात तुमचा दोष नाही, झाडाचाही फारसा नाही. कधी परागीभवन नीट झालेलं नसतं, कधी ते वर्षच वाईट असतं. एकट्या पडलेल्या झाडावर हे जास्त दिसतं. बांधावर किंवा रस्त्याकडेला दोन कोसांत दुसरा ऐन नसलेलं झाड उतरवायला सोपं, म्हणून सगळे त्याचंच बी आणतात. जिथं त्याच जातीची पाच-दहा झाडं जवळपास आहेत तिथं जा, आणि बी एका झाडाचं न घेता निदान दहा-वीस झाडांचं थोडं थोडं घ्या. उद्या डोंगरावर एकाच आईची हजार भावंडं उभी करून काय साधणार?

गोळा करायच्या आधी झाडाखालीच वीस फळं कापा. आतलं बी पांढरं, घट्ट, टरफल भरून असेल ते चांगलं. वीसपैकी आठ चांगली निघाली तर एका पिशवीत तीन टाकल्यावर दहातल्या साधारण आठ पिशव्यांत एकेक तरी चांगलं बी पडेल, एवढा हिशेब जमिनीवर काडीनं करता येतो. चांगलं दिसलेलं प्रत्येक बी उगवतंच असं नाही, म्हणून आणखी सूट धरा. वीसपैकी दोनच निघाली तर ते झाड या वर्षी सोडून द्या, किंवा वाफ्यात दाट फेकून पेरा.

पाण्यात टाकून तरंगणारं फेकायचं, ही परीक्षा सगळे सांगतात. आवळ्याला ती चालते: आवळे उन्हात वाळवले की कोय तडकते, आतून सहा बारीक बिया निघतात, बुडतात त्या घ्यायच्या. पण ऐन-किंजळाच्या पंखवाल्या फळांना ही परीक्षा लावू नका, चांगलीही तरंगतात. बिबळ्याच्या चकतीचं, म्हणजे त्याच्या चपट्या पंखवाल्या फळाचंही तेच. बिबळ्याच्या चकतीची पंखाची कड कात्रीनं कापून भिजवली की पाणी आत जायला वाट मिळते.

भोक पडलेलं असेल तर ती सोंड्यासारखी कीड, आणि ती बहुतेकदा झाडावरूनच आलेली असते. भोकाचं बी वेगळं काढून जाळा. डब्यात चांगल्याबरोबर ठेवलं तर उरलेलंही जातं.

बी सापडतच नाही

उंदीर, खार, कोंबड्या, मुंग्या. बेहड्याचा गर आम्हीही लहानपणी दगडानं फोडून खाल्लाय (जास्त खाल्ला की गरगरतं), तेव्हा उंदराला नाव ठेवायला जागा नाही. वाफ्यावर बारीक जाळी, कडा मातीत चार बोटं पुरून. दुसरा इलाज आम्हाला सापडलेला नाही.

बारीक बियांचं गायब होणं वेगळं असतं. हेदू, कळंब यांचं बी धुळीसारखं. पिशवीत टाकून झारीनं पाणी मारलं की ते मातीबरोबर खाली जातं आणि तिथंच संपतं. पसरट ट्रेमध्ये चाळलेली वाळू आणि कुजलेला पालापाचोळा घ्या, वरून बी भुरभुरा, त्यावर माती अजिबात टाकू नका, आणि ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. वड, उंबर, पिंपळ यांनाही हेच लागू. यांना विटांचा चुरा किंवा कोळशाचे तुकडे फार मानवतात. जुन्या भिंतीवर ते का उगवतात हे मग कळतं. मोठ्या बियांना माती लागते ती बीच्या जाडीएवढी किंवा दुप्पट. बोटभर खोल टोचायची सवय मोडा.

उगवलं, आणि मग आडवं पडलं

खरं तर हा वेगळा आजार, पण मोजताना त्याच रकान्यात जातो. कोंब वर येतो, चार दिवसांनी जमिनीलगत खोड पाणचट होऊन रोप कोलमडतं. ही मर. मातीतल्या बुरशीचं काम, आणि तिला बोलावणं जातं ते दाट पेरणी, अर्धकच्चं शेणखत आणि संध्याकाळचं पाणी यांच्याकडून. पाणी सकाळी द्या. माती-खताचं मिश्रण एप्रिल-मेमध्ये ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. मर दिसली की त्या भागाचं पाणी तोडा, मेलेली रोपं मातीसकट बाहेर काढा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिळाला तर खतात मिसळा. मात्र मर सुरू झाल्यावर नव्हे, आधी.

मग करायचं काय, तर एकाच दिवशी सगळं पेरणं बंद करायचं

आमची मूळ चूक हीच होती. पैसे यायचे आर्थिक वर्षाच्या शेवटी, मजुरी लागायची तेव्हा, म्हणून सगळ्या जाती मार्चमध्ये एका रांगेत. खैर, शिरीष, बहावा यांना ते चालतं. त्यांचं बी डब्यात वाट बघतं. जांभूळ नऊ महिने वाट बघत नाही.

आता आमच्या वहीत महिने नाहीत, झाडं आहेत. थंडीत आवळा, हिरडा, बेहडा वेचायचे. उन्हाळा चढत जाताना ऐन, बिबळा, करंज. सावरीची बोंडं तडकायच्या आत उतरवायची, एक दिवस उशीर झाला की कापूस आणि बी दोन्ही वाऱ्यावर. मे संपताना आंबा, जांभूळ, मोह, आणि ते ज्या दिवशी आलं त्याच आठवड्यात मातीत. प्रत्येक डब्यावर आणि वाफ्यावर झाडाचं नाव, ठिकाण आणि गोळा केल्याची तारीख. तारीख नसलेलं बी कुणी आणून दिलं तर आम्ही आभार मानतो आणि पेरत नाही.

याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जूनमध्ये पेरलेलं जांभूळ डोंगरावर जाणार पुढच्या वर्षीच्या पावसात. म्हणजे मधला अख्खा उन्हाळा पाणी, सावली, राखण. तेवढा काळ लहान पिशवीत सोटमूळ तळाशी गोल गोल फिरतं आणि तसं रोप लावलं की दोन-तीन वर्षांनी उगाच वाळतं, तेव्हा या जातींना उंच पिशवी घ्या आणि दर दोन महिन्यांनी पिशव्या जागेवरून हलवा. टँकरवर जगणाऱ्या वाडीत हे जमणार नसेल तर रोपवाटिकेचा हट्ट सोडा आणि पहिल्या दोन दमदार पावसांनंतर जांभळाचं, आंब्याचं बी थेट जागेवर टोका. रानडुक्कर, उंदीर काही खातील. राहिलेलं मात्र तिथल्याच मातीत सोटमूळ घालतं.

अंजन, पिसा यांच्या बियांशी झगडण्यापेक्षा दुसरी एक वाट आम्हाला बरी वाटते. ऑगस्टमध्ये मोठ्या झाडाखाली त्याचीच शेकडो पिल्लं उगवलेली असतात आणि सावलीत त्यातली बहुतेक मरणारच असतात. ढगाळ, पावसाच्या दिवशी दोन-चार पानांवरची थोडीशी, मुळाभोवतीच्या मातीसकट खुरप्यानं उचलायची, तासाभरात पिशवीत लावायची आणि महिनाभर गच्च सावलीत ठेवायची. अभयारण्यातून हे करायचं नाही, बीसुद्धा परवानगीशिवाय उचलायचं नाही. देवराईतून घ्यायचं तर गावाला विचारून. पडलेलं पानही न उचलण्याची रीत काही ठिकाणी अजून पाळतात, आणि त्या रीतीमुळेच तर तिथं बी शिल्लक आहे.

राहता राहिला हिरड्याचा वाफा. ऑगस्ट आला, चार-दोनच कोंब दिसतात, कुणीतरी म्हणतं मोडून टाका, मिरच्या लावू. मोडू नका. न उगवलेल्या दहा कोयी काढून फोडा. आत बी पांढरं, घट्ट असेल तर वाफ्यावर गवताचं आच्छादन टाका, ओल राखा आणि पुढचा पावसाळा होईपर्यंत त्याला हात लावू नका. मिरच्या शेजारी लावा.